चांगलं-वाईट ठरतं कुठे? एपिक्टेटसच्या पद्धतीने रोजचा सराव

स्टोइक तत्त्वज्ञान (प्राचीन ग्रीस-रोममधला एक विचारपंथ) म्हणजे भावना गिळून टाकणं, अशी समजूत करून घेऊन सराव सुरू केला की तो फार दिवस टिकत नाही. राग दाबला जातो, चेहरा कोरा राहतो आणि आतलं धुमसणं तसंच चालू राहतं. या पंथाचा शिक्षक एपिक्टेटस आपल्या विद्यार्थ्यांना असलं काही सांगत नव्हता. त्याचा सगळा भर भावनेच्या एक पायरी आधीच्या क्षणावर होता. समोरच्या घटनेचं एक चित्र मनात उमटतं आणि आपण त्याला "हो, हे असंच आहे" म्हणून मान डोलावतो, तो हा क्षण. तो कसा ओळखायचा आणि रोज किती वेळ, कशाचा सराव करायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे.

एपिक्टेटसचा जन्म इ. स. ५०च्या सुमाराचा, हिएरापोलिसचा. हे गाव आजच्या तुर्कस्तानात पामुक्कालेला आहे. रोममध्ये तो एपाफ्रोडिटसचा गुलाम होता आणि हा मालक सम्राट नीरोच्या दरबारात काम करणारा, स्वतः गुलामीतून सुटलेला माणूस. गुलाम असतानाच एपिक्टेटस म्युसोनियस रूफस या स्टोइक शिक्षकाकडे शिकला. पुढे सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलल्यावर त्याने ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळ निकोपोलिसला शाळा काढली. त्याने स्वतः काही लिहिलं नाही. एरियन नावाच्या विद्यार्थ्याने वर्गातली बोलणी उतरवून घेतली. त्यांची चार पुस्तकं आज हाती आहेत, शिवाय ५३ छोट्या प्रकरणांची एक हस्तपुस्तिका आहे. ही वर्गातली बोलणी असल्यामुळेच ती वापरता येतात. त्यांत विद्यार्थ्यांना रागावणं आहे, उलटे प्रश्न आहेत, घरी करायचा अभ्यासही आहे.

आधी वाटणी नीट करा

स्टोइकांचे खण तीन. पहिल्यात चांगलं, दुसऱ्यात वाईट आणि तिसऱ्यात दोन्ही नसलेलं. चांगलं एकच: आपली निवड सरळ असणं, म्हणजे तिच्यात शहाणपण, न्याय, धैर्य आणि संयम असणं. वाईटही एकच: ती निवड वाकडी असणं. बाकी सगळं, म्हणजे आरोग्य, पैसा, नोकरी, नाव, शरीर, लोकांचं मत, इतकंच काय आयुष्यसुद्धा, तिसऱ्या खणात. निवड म्हणजे एपिक्टेटसचा प्रोहायरेसिस. आपण कशाला खरं मानतो, कशाची ओढ धरतो, काय टाळतो आणि कशासाठी हातपाय हलवतो, हे सगळं त्यात आलं.

तिसऱ्या खणाबद्दल सगळ्यात जास्त घोटाळा होतो. "पैसा चांगला नाही, आरोग्यही चांगलं नाही, मग धडपड कशाला?" असं म्हणून माणसं ढिली पडतात. स्टोइक मात्र या खणातही पसंत-नापसंत करतात. आजारापेक्षा आरोग्य पसंत, दारिद्र्यापेक्षा पुरेसा पैसा पसंत. यावर एपिक्टेटस फाशांच्या खेळाचं उदाहरण देतो. दान काय पडेल ते माझ्या हाती नाही, पण पडलेलं दान जपून आणि कौशल्याने खेळणं हे माझं काम आहे. म्हणजे औषध वेळेवर घेणं निवडीत येतं आणि बरं होणं तिसऱ्या खणात. इंटरव्ह्यूची तयारी निवडीत, नोकरी मिळणं तिसऱ्या खणात.

कुठली गोष्ट कुठल्या खणात टाकायची याची कसोटी सोपी आहे. दुसरा माणूस, आजारपण किंवा नशीब ती माझ्याकडून हिरावून घेऊ शकतं का? घेऊ शकत असेल तर ती तिसऱ्यातली. "परीक्षेतले गुण थोडे माझ्या हातात आहेत" असं वाटलं, तर वाटणी अजून पुरी झालेली नाही. ती आणखी फोडा: आज संध्याकाळी दोन तास बसणं, न समजलेलं विचारणं, कॉपी न करणं हे माझं. पेपर कसा निघेल, तपासणारा कसा असेल, गुण किती पडतील हे माझं नाही. अर्धवट मालकीचं काही उरेनासं होईपर्यंत फोडत राहा.

राग येण्याआधी काय घडतं

ऑलस गेलियस या रोमन लेखकाने एक प्रसंग नोंदवला आहे. आयोनियन समुद्रात वादळात सापडलेल्या जहाजावर एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञ होता आणि इतरांसारखाच तोही पांढराफटक पडला. समुद्र शांत झाल्यावर गेलियसने त्याला कारण विचारलं. त्याने पिशवीतून एपिक्टेटसच्या बोलण्यांचं पाचवं पुस्तक काढून दाखवलं. हे पुस्तक आज उपलब्ध नाही. त्यातलं म्हणणं असं: कडाडून आवाज झाला, अचानक संकट दिसलं की ज्ञानी माणसाचाही रंग उडतो, कारण हे धक्के विचारापेक्षा वेगवान असतात. फरक पुढे पडतो. अडाणी माणूस "हे खरंच भयंकर आहे" या म्हणण्याला संमती देतो, ज्ञानी देत नाही.

सरावासाठी हे फार महत्त्वाचं आहे. छातीतली धडधड, कानशिलं तापणं, डोळ्यांत पाणी येणं, हे काही तुमचं अपयश नाही. ते मोजू नका, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. सेनेका या रोमन स्टोइक लेखकाने रागाच्या तीन हालचाली सांगितल्या आहेत. पहिली आपोआप होते. दुसरीत "माझ्यावर अन्याय झाला आहे, याची परतफेड व्हायलाच हवी" हे मत येतं. तिसरीत राग लगाम तोडून धावतो. पहिलीवर तुमचा ताबा नाही आणि तिसरीत उशीर झालेला असतो. काम करायचं ते दुसरीवर.

पहिली पायरी: वाक्य फोडणं

हा सराव एपिक्टेटसने जवळजवळ तोंडी परीक्षेसारखा घालून दिला आहे. अमक्याचा मुलगा वारला. उत्तर: निवडीबाहेरचं, म्हणून वाईट नाही. सम्राटाने त्याला शिक्षा सुनावली. निवडीबाहेरचं, वाईट नाही. त्याने या गोष्टीचा शोक केला. निवडीतलं, वाईट. त्याने ते धीराने सोसलं. निवडीतलं, चांगलं. मग तो वाक्यातली भर काढून टाकायला शिकवतो. जहाज बुडालं. काय झालं? जहाज बुडालं. त्याला तुरुंगात नेलं. काय झालं? तुरुंगात नेलं. "त्याचं वाटोळं झालं" हे ज्याचं त्याने वरून घातलेलं.

एक वही घ्या. रोज दहा मिनिटं, दिवसाला तीनच वाक्यं. मनाला टोचलेली गोष्ट मनात आली तशी, जशीच्या तशी एका ओळीत लिहा. खाली फक्त जे कॅमेऱ्यात दिसलं असतं किंवा ऐकू आलं असतं तेवढं लिहा. विशेषणं खोडा. "नेहमी", "मुद्दाम", "वाट लागली" हे शब्द खोडा. "मुद्दाम"वर जास्त लक्ष ठेवा, कारण दुसऱ्याच्या मनातलं तुम्हाला दिसलेलं नसतं. मग उरलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे खण लिहा.

वहीतलं एक पान असं दिसेल. वरची ओळ: "मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर माझा अपमान केला." खाली: "साहेब म्हणाले, या तक्त्यातले मार्चचे आकडे चुकलेत. खोलीत सहा जण होते." अपमान हा शब्द उरला नाही. साहेबांचं वाक्य तिसऱ्या खणात, सहा जण काय समजले तेही तिसऱ्यात. आता पुढचे तुकडे. "आकडे पाठवण्याआधी मी पडताळले नव्हते." हे निवडीतलं आणि वाकडं. "त्यानंतर दुपारभर मी शेजारच्या सहकाऱ्याशी तुसडेपणाने बोललो." हेही निवडीतलं, वाकडं. वर लिहिलेल्या ओळीत या दोन्ही गोष्टी नव्हत्याच. पानावर जे वाईट सापडलं ते साहेबांच्या वाक्याबाहेर सापडलं आणि ते दोन्ही उद्या दुरुस्त करता येण्याजोगं आहे. हा सराव मन शांत करण्यासाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. त्याचं खरं काम वाईट कुठे आहे त्याचा नेमका पत्ता काढणं हे आहे.

सुरुवात क्षुल्लक गोष्टींपासून करा. एपिक्टेटसची उदाहरणं थोडं तेल सांडल्याची, थोडी वाइन चोरीला गेल्याची. त्या वेळी स्वतःला सांगायचं, एवढ्या किमतीला मन:शांती विकत मिळते आहे. दूध उतू गेलं, रिक्षावाल्याने नाही म्हटलं, फोन अर्ध्यात कट झाला, अशा गोष्टी पहिले दोन-तीन आठवडे पुरे. घटस्फोट, घरातला मृत्यू, कोर्टकज्जा यांच्यापासून सुरुवात केली तर वाक्य पाठ म्हटलं जातं, पटत मात्र नाही आणि पद्धतीवरचा विश्वास उडतो.

आणखी एक पथ्य कडक पाळा: हा सराव दुसऱ्याच्या दुःखावर करायचा नाही. रडणाऱ्या माणसाला "हे तिसऱ्या खणातलं आहे" म्हणणं हा निव्वळ निष्ठुरपणा आहे. हस्तपुस्तिकाच सांगते की शोक करणाऱ्याशी सहानुभूतीने बोला, वेळ आली तर त्याच्याबरोबर हळहळा, फक्त आतून तेच मत स्वीकारू नका. वाक्यं फोडायची ती आपली.

दुसरी पायरी: थांबवणं

वहीवर तीन आठवडे काम झालं की तेच प्रत्यक्ष घटनेच्या वेळी करायचं. एपिक्टेटस मनात उमटलेल्या ठशाशी, म्हणजे घटनेच्या त्या चित्राशी, चक्क बोलायला सांगतो: "थांब जरा. तू कोण आहेस आणि कशाबद्दल आहेस ते बघू दे." हे वाक्य स्वतःच्या शब्दांत बसवून घ्या, पण छोटं ठेवा. लांबलचक वाक्य ऐन वेळी आठवत नाही.

रागाच्या बाबतीत थांबणं म्हणजे हात थांबवणं. मेसेजचं उत्तर लिहा, पण दुसरीकडे लिहा, पाठवायच्या चौकोनात नको. तासाभराने वाचा. समोरासमोर असाल तर पहिलं वाक्य प्रश्नाचं असू द्या: "म्हणजे नेमकं काय झालं?" एवढ्यानेही दुसऱ्या हालचालीला उशीर होतो.

मोहाच्या बाबतीत पद्धत वेगळी. तिथे दोन क्षण डोळ्यांसमोर आणायचे: उपभोगाचा आणि त्यानंतरचा, जेव्हा पस्तावा होईल आणि स्वतःला बोल लावाल. त्यांच्यासमोर ठेवायचं ते आवरल्यावर वाटणारं समाधान. रात्री अकराला "पाच मिनिटं फोन बघतो" हा ठसा आला तर साडेबाराचा आपला चेहरा आठवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मोहाशी वाद घालत बसणं. एपिक्टेटस बजावतो की ठशाला पुढची चित्रं रंगवू देऊ नका, नाहीतर तो तुम्हाला त्याला हवं तिथे ओढून नेईल. त्याच्या जागी दुसरा, चांगला विचार आणून बसवा आणि त्याला बाहेर काढा. व्यवहारात याचा अर्थ जागा सोडा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, हातात दुसरं काम घ्या.

तिसरी पायरी: कामाआधी दोन वाक्यं

सार्वजनिक स्नानगृहात जायचं असेल तर तिथे काय काय होतं ते आधी आठव, असं हस्तपुस्तिका सांगते. पाणी उडवणारे असतात, ढकलणारे, शिव्या देणारे, चोऱ्या करणारे असतात. मग म्हण: मला अंघोळ करायची आहे आणि माझी निवडही सरळ ठेवायची आहे. दोन उद्दिष्टं. पहिलं फसलं तरी दुसरं शाबूत राहतं.

तलाठी कार्यालयात जाताना, सोसायटीच्या सभेला जाताना, सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये चढण्याआधी हेच करा. त्या जागी नेहमी होणाऱ्या तीन-चार गोष्टींची नावं घ्या: साहेब जागेवर नाहीत, एक कागद कमी निघाला, रांगेत कोणी घुसला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्याला जोडून सेनेकाने सांगितलेली अट घाला: "काही आडवं आलं नाही, तर आज दाखला मिळेल." अट तोंडाने म्हणून भागत नाही. दाखला न मिळाल्यास पुढे काय करणार तेही ठरवा, म्हणजे ती अट मनापासून घातली जाते.

इथे अतिरेक करू नका. नेहमीचे अडथळे सोडून अपघात, आजार, बदनामी अशी चित्रं रोज सकाळी रंगवली तर काळजी करण्याचीच तालीम होते. मुळातच काळजीखोर स्वभावाच्या माणसाने तर त्या जागेतल्या रोजच्या त्रासांपुढे जाऊच नये.

चौथी पायरी: उलट्या बाजूला झुकणं

आपली ओढ कुठे जास्त आहे ते वहीतून महिन्याभरात दिसतं. ज्याला सुखाचा सोस आहे त्याने सरावापुरतं त्याच्या उलट टोकाकडे झुकावं, असं एपिक्टेटस म्हणतो. गोड खाल्ल्याशिवाय राहवत नसेल तर आठवडाभर सोडा. बोलण्यात वरचढ होण्याची खोड असेल तर एका चर्चेत ऐकूनच घ्या. मात्र हे दाखवण्यासाठी नको. कडक तहान लागलेली असताना तोंडात गार पाण्याचा घोट घ्यायचा, थुंकून टाकायचा आणि कोणाला सांगायचं नाही, हे त्याचं उदाहरण आहे. त्यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड. स्टेटसवर टाकलेला संयम हा लोकांच्या मतासाठी केलेला असतो आणि लोकांचं मत तिसऱ्या खणात आहे.

नवख्यांसाठी तो आणखी एक गोष्ट सांगतो: तूर्त ओढ पूर्ण बाजूला ठेवा. फक्त काय करायचं, काय टाळायचं एवढंच ठरवा आणि तेही हलक्या हाताने, वरची अट घालून.

माणसांशी वागताना

नात्यांत आपलं कर्तव्य काय, याचं मोजमाप नात्यावरूनच. वडील वाईट आहेत? निसर्गाने तुमचं नातं चांगल्या वडिलांशी जोडलं होतं का? नाही, वडिलांशी जोडलं. भाऊ अन्याय करतो? प्रत्येक गोष्टीला दोन मुठी असतात, एका मुठीने ती उचलता येते, दुसरीने येत नाही. "हा अन्याय करतो" ही न पेलणारी मूठ. "हा माझा भाऊ, आम्ही एकत्र वाढलो" ही पेलणारी. जमिनीच्या वाटणीत भावाशी बोलायला बसण्याआधी दुसरी मूठ कुठली ते कागदावर लिहून जा. हक्क सोडायला इथे कोणी सांगत नाही. बोलताना कुठून सुरुवात करायची एवढंच त्यातून ठरतं.

मग अन्याय झाला तर गप्प बसायचं का? याचं उत्तर एपिक्टेटसने रोमन सिनेटचा सदस्य हेल्विडियस प्रिस्कस याच्या प्रसंगातून दिलं आहे. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला सिनेटमध्ये येऊ नको असा निरोप पाठवला. तो म्हणाला, मला सिनेटमधून काढणं तुमच्या हातात आहे, पण मी सदस्य आहे तोवर येणार. सम्राट म्हणाला, ये, पण गप्प राहा. मत विचारू नका, मग गप्प राहीन. मला विचारावंच लागेल. मग मलाही जे योग्य वाटतं ते बोलावं लागेल. बोललास तर ठार करीन. मी अमर आहे असं तुम्हाला कधी म्हणालो होतो? तुमचं काम तुम्ही करा, माझं मी करतो. पुढे व्हेस्पेशियनच्या काळातच त्याला मारण्यात आलं. ज्याला मृत्यू तिसऱ्या खणात ठेवता येतो, त्याला धमकावून गप्प करता येत नाही. खाली मान घालायला शिकवणारं हे तत्त्वज्ञान नाही. तक्रार करा, माहिती अधिकाराचा अर्ज टाका, साक्ष द्या. निकाल काय लागेल यावर मात्र आपलं भलं-बुरं टांगू नका.

रात्रीची दहा मिनिटं

दिवा मालवल्यावर, बायको गप्प झाली की, सेनेका आपल्या सगळ्या दिवसाची झडती घ्यायचा. ही सवय त्याने सेक्स्टियस या रोमन तत्त्वज्ञाकडून उचलली होती. प्रश्न तीन ठेवा: कुठे घसरलो? काय नीट केलं? काय करायचं राहून गेलं? घसरलेल्या जागी कोणत्या म्हणण्याला संमती दिली होती तेवढं एका ओळीत लिहा. "चिडलो" एवढंच लिहून उपयोग नाही. "त्याने मला विचारायला हवं होतं, असं मानलं" इतकं नेमकं लिहा, म्हणजे उद्या तोच ठसा ओळखू येईल. झडतीनंतर सेनेका स्वतःला सांगत असे, या वेळी माफ करतो, पुन्हा करू नकोस. स्वतःला झोडपत बसलात तर झोप जाते आणि वही बंद पडते.

आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. आरोग्य पसंत करण्याजोगं आहे आणि उपचार घेणं ही सरळ निवड आहे.

दिवस मोजणं

प्रगती मोजण्याची रीत एपिक्टेटसनेच दिली आहे. रागीट स्वभाव सोडायचा असेल तर न चिडलेले दिवस मोजा. आधी रोज चिडायचो, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग तीन. असे तीस दिवस गेले तर देवाला नैवेद्य दाखवा. कॅलेंडरवर खूण फक्त दुसऱ्या हालचालीला संमती दिली त्या दिवशी करा. नुसती कानशिलं तापली असतील तर नाही. एका वेळी एकच सवय मोजा. राग, फोन आणि खाणं तिन्ही एकदम घेतलं की कुठल्या ठशावर काम चाललं आहे तेच कळेनासं होतं. मधे खूण पडली तर मोजणी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकपासून, पण जुन्या खुणा खोडू नका. दोन खुणांमधलं अंतर महिन्यागणिक वाढतं आहे का ते पाहा. वाढत नसेल तर त्या दिवसांची रात्रीची पानं एकापुढे एक वाचा. बहुतेक वेळा तेच एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सापडतं. मग आठवडाभर पहिल्या पायरीवर परत जाऊन फक्त तेवढंच वाक्य फोडत राहा.